तिसऱ्या ओळीतलं पुस्तक

आमच्या शाळेत मुलांना आता आपल्या मर्जीने पुस्तक निवडता येणार, ही बातमी मला सगळ्यांच्या आधी कळली. शाळेतली कुठलीही शहाणपणाची गोष्ट आधी जेवणाच्या खिडकीपाशी येऊन बोलली जाते आणि एकवीस वर्षं मी त्या खिडकीच्या आत उभी आहे. बटाटे कुस्करते, रस्सा ओतते आणि ऐकते. तेवढ्या काळात तीन मुख्याध्यापक बदलले आणि प्रत्येकाने जाताना शाळा सुधारून ठेवली.

या खेपेची सुधारणा मिस ॲशकॉम यांची. इंग्रजी आणि साहित्य शिकवायला दक्षिणेकडून आलेल्या, वय तिशीच्या आत, गळ्यात जाड पिवळा मफलर. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मला पिपा म्हणा." मी मिसच म्हणत राहिले. माणसाला नावाने हाक मारली की त्याला पळीभर रस्सा जास्त द्यावा लागतो.

त्यांची योजना अशी. दहावीच्या प्रत्येक मुलाने वर्षभर अभ्यासायचं पुस्तक स्वतः निवडायचं. त्या पुस्तकावरून दोन गट पाडायचे. एक 'सखोल' गट: त्याला साहित्याची परीक्षा आणि पुढे शहरातल्या कॉलेजात साहित्य घ्यायची मुभा. दुसरा 'आपला आवाज' गट: त्याला परीक्षा नाही, प्रकल्प. दोन्ही गट अगदी समान आहेत, असं मिस माझ्या खिडकीपाशी तीनदा म्हणाल्या. समान असलेल्या गोष्टीबद्दल कुणी तीनदा सांगत नाही. पहिल्या गटासाठी नव्या पुस्तकांची खोकी आली आणि दुसऱ्यासाठी रंगीत पेनांची. दोन्ही मीच ट्रॉलीवर घालून वर नेली, त्यामुळे वजनातला फरक मला ठाऊक आहे.

त्या वर्गात माझी भाची होती, नेल. आमच्या घरी माणसं तीन. माझा धाकटा भाऊ विल्फ रेल्फ, त्याची ही मुलगी आणि मी. नेल सहा वर्षांची असताना तिची आई गेली. वर डोंगरावर चारशे मेंढ्या, खाली दोन कुत्री. विल्फचा डावा गुडघा दोन वर्षांपासून कामातून गेलेला. शस्त्रक्रियेच्या यादीत त्याचं नाव आहे, यादी काही हलत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या तर घरात धड चालणारं माणूस एकच उरलं होतं.

नेलला कॉलेजात साहित्य शिकायचं होतं. ती ते बोलून दाखवत नसे, पण पाहिलं की कळायचं. गुरुवारी चॅपलपाशी पुस्तकांची गाडी थांबते, तिच्यातून तिने सातशे पानांची एक जुनी कादंबरी आणली होती. बंदरावर दोरखंडाचा कारखाना चालवणाऱ्या एका विधवेची गोष्ट, दिरांशी तिचा जन्मभराचा झगडा. पोरगी मेंढ्यांना खाद्य घालताना ते पुस्तक कोटाच्या आत, पोटाशी ठेवायची. चारदा मुदत वाढवून घेतली होती. सगळं वाचून झालं होतं, तरी परत करवत नव्हतं.

निवडीचा फॉर्म नेमका मेंढ्या उतरवायच्या आठवड्यात आला. त्यावर तीन रिकाम्या ओळी आणि वर लिहिलेलं: तुमच्या निवडीची तीन पुस्तकं लिहा. तळाला बारीक अक्षरात, पालकांनी मुलासोबत निवांत बसून भरावा. ज्याने हे लिहिलं त्याने ऑक्टोबरात आमच्याकडे कुणाला निवांत बसलेलं पाहिलं नसावं.

गुरुवारी सकाळी धुकं कुरणाच्या दगडी गडग्यापर्यंत उतरलं होतं. नेल अंगणातल्या दगडावर बसून बुटाच्या नाड्या आवळत होती. कुत्री तिच्याभोवती ओली होऊन उभी. विल्फ दारात काठी टेकून होता.

"बाबा, तो फॉर्म उद्या द्यायचा हाय. मी आज आन् उद्या वरच. तू भर."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"तीन नावं लिहायची, बास. ती विधवेची कादंबरी, नाव माझ्या वहीवर हाय. मग ते न्यायाधीशाचं नाटक, ते बी वहीवर हाय. तिसरं कायबी लिही. आपलं खुणांचं पुस्तक लिही. तीन भरायला पायजेत म्हणून."

"खुणांचं पुस्तक चालतं व्हय शाळेत?"

"आता कायबी चालतं. मर्जी आपली."

ती हसली, शीळ घातली आणि कुत्र्यांसकट धुक्यात शिरली. दहा पावलांवर ती दिसेनाशी झाली, मग नुसती शीळ ऐकू येत राहिली.

खुणांचं पुस्तक म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या कळपांच्या खुणांची यादी. कुणाच्या मेंढीचा कुठला कान कसा चिरलेला, कुणाचा रंगाचा पट्टा कुठल्या कुशीवर, हे चित्रांसकट. भरकटलेली मेंढी कुणाची, ते त्यात बघून ठरतं. ते कुणी वाचत नाही. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं असतं आणि त्याला कुत्र्यांचा वास येतो.

दुपारी मी शाळेतून आले तेव्हा विल्फ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. दुखरा पाय स्टुलावर, जिभेचं टोक ओठांबाहेर. वर्षभरात तो स्वतःच्या हाताने एकच फॉर्म भरतो, सप्टेंबरातल्या मेंढ्यांच्या लिलावाचा. बाकी सगळे कागद मी भरते. पण हे काम पोरीने त्याला सांगितलं होतं, म्हणून त्याने मला हात लावू दिला नाही. अक्षर न् अक्षर सुटं काढलं, तळाला सही ठोकली, कागदावर फुंकर मारली.

"बग, चुकलंय का कुठं शब्दबिब्द," म्हणाला.

"शब्द बरोबर हायत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो फॉर्म ऑफिसात मिसेस टोल्सनच्या हातात दिला आणि कामाला लागले.

शुक्रवारी दुपारी कळप खाली आला. मी थेट मेंढवाड्यावर गेले. पाऊस नव्हता, पण हवाच इतकी ओली होती की भुवयांवरून पाणी गळत होतं. नेल वाड्याच्या दोन फाटकांमध्ये उभी राहून मेंढ्या वेगळ्या करत होती. आपली डावीकडे, परक्याची उजवीकडे. दोन दिवस चालून तिचे ओठ फाटले होते आणि हातांना लोकरीचं तेल कोपरापर्यंत चढलं होतं. एक मेंढी अंगावर आली आणि शिंग मांडीत बसलं. तिने तोंड वाकडं केलं, शिंग धरलं, मेंढीला फिरवून फाटकातून ढकललं आणि मगच मांडी चोळली.

शेजारचा गार्नेट माउन्सी आपल्या चुकार मेंढ्या न्यायला आला होता. गार्नेट आमच्या शाळेच्या कारभारी मंडळाचा अध्यक्षही आहे. त्याच्याकडे एक स्वच्छ कोट आहे आणि मंडळ भरतं त्या मंगळवारी दुपारी त्याला काही काम नसतं, म्हणून.

"डावा कान वरून चिरलाय, उजव्याला मागनं खाच," नेल म्हणाली. "ही तुमची. ती मागची बी."

"पुस्तक बगितलं बी न्हाई की गं?"

"कान हायत की."

"विल्फ, हिला शाळेत कशाला धाडतोस? हीच शिकवंल मास्तरांना."

विल्फ काठीवर रेलून हसला. पोरीचं कुणी कौतुक केलं की तो गुडघा विसरतो. मीही हसले. त्या क्षणी आम्ही तिघंही तिच्याकडे एकाच नजरेने बघत होतो, चांगलं जनावर पारखल्यासारखं. त्याची मला आजही लाज वाटते.

सोमवारी यादी लागली. जेवणाच्या सुट्टीत नेल खिडकीशी आली, ताट न घेता.

"आत्या, मी 'आपला आवाज'मध्ये हाय. माझ्या नावापुढं खुणांचं पुस्तक लिवलंय."

"काय सांगतेस."

"बाबानं काय भरलं होतं?"

मी उत्तर द्यायच्या आत मिस ॲशकॉम रांगेत आल्या. नेल त्यांच्याकडे वळली. मिसशी बोलताना तिची भाषा बदलते, पाठ ताठ होते.

"मिस, माझ्या नावापुढे चुकीचं पुस्तक लागलंय."

"चुकीचं असं काही नसतंच, नेल. म्हणून तर ही योजना."

"मला ती कादंबरी हवी होती. माझी पहिली निवड तीच आहे."

"फॉर्मवर पहिल्या ओळीत खुणांचं पुस्तक आहे. तुझ्या वडिलांचं अक्षर, खाली त्यांची सही. खरं सांगू? ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे तेच ते जुने ठोकळे मागतात आणि एक मुलगी आपल्या मातीतलं पुस्तक मागते."

"मी मागितलं नाही, मिस. बाबांनी उलट्या क्रमाने लिहिलं असणार."

मिसनी मान तिरकी केली. एखाद्याचं ऐकून न घेता आपण ऐकतोय असं दाखवायचं असलं की त्या मान तिरकी करतात.

"तुला आता वाटतंय, आपलं पुस्तक इतरांइतकं मोठं नाही. ही भीती आहे. तुझी निवड मी तुझ्याकडून काढून घेणार नाही, नेल. शिवाय मंडळाचा नियम आहे, एकदा केलेली निवड बदलायची नाही. फक्त ऑफिसच्या नोंदीत चूक झाली असेल तरच. महिनाअखेरीला परीक्षेची नावं जातील, पण तुला त्याची चिंता नको, तुला परीक्षाच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थोडी गाजरं अजून, डोरीन."

मी गाजरं वाढली. पिवळ्या मफलरच्या टोकाला रस्सा लागला, ते मी त्यांना सांगितलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी चहाच्या आधी बापलेक गोठ्यात होते. मेंढे कळपात सोडायचे दिवस. सोडण्याआधी मेंढ्याच्या छातीला गेरू फासतात, म्हणजे त्याने कुठल्या मेंढीला गाठलं ते तिच्या पाठीवरून कळतं. विल्फने मेंढा भिंतीशी दाबून धरला होता, नेल डब्यातून मूठ भरून त्याच्या छातीला चोळत होती. मी दारात भांडी घेऊन उभी.

"बाबा, तू कुठलं पुस्तक आधी लिवलंस?"

"तू सांगितलीस तीच तिन्ही."

"पर आधी कुठलं?"

"आधी खुणांचं. मग नाटक. आन् शेवटी तुझं ते मोठं." तिचा चेहरा बघून तो गोंधळला. "का? चांगला मेंढा कोन पहिला सोडतंय का लिलावाच्या रिंगणात? पहिल्यांदा हलकं जनावर. लोक तवा चहाच पीत असत्यात. खुर्च्या भरल्या, नजरा लागल्या की मग शेवटी आपला खरा मेंढा. तसंच भरलं मी. तुझं पुस्तक शेवटी ठेवलं, झाकून. त्याचा मान म्हणून."

नेलचा हात मेंढ्याच्या छातीवर थांबला. मनगटापर्यंत लाल झाला होता. ती चिडेल असं मला वाटलं, ती चिडली नाही.

"बाबा, शाळेत लोक चहा पीत बसत न्हाईत," ती म्हणाली. "पहिलं वाचत्यात आन् उठून जात्यात."

विल्फने मेंढ्याला सोडलं. मेंढा अंग झटकून दाराकडे आला, मी बाजूला झाले.

"मी जाऊन सांगतो की त्यांना," विल्फ म्हणाला.

"कवा?"

"जातो की."

तो गेला नाही. बुधवारी गडगा ढासळला होता, गुरुवारी गुडघा सुजला. शुक्रवारी त्याने बूट घातले, जीपपर्यंत गेला आणि जीपचं तेल बघून परत आला. ही शाळा त्याचीच शाळा. तिथे त्याला चार वर्षं शेवटच्या बाकावर बसवून लाकडाचे तुकडे घासायला दिले होते आणि पंधराव्या वर्षी तो तिथून बाहेर पडला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता तिथे जाऊन साध्या तीन ओळी आपल्याला भरता आल्या नाहीत, हे सांगायचं. आडदांड मेंढ्याला एका हाताने लोळवणारा माणूस, पण ऑफिसच्या काचेपलीकडच्या बाईला घाबरतो. मला त्याचा राग यायचा. ताटात मासा वाढताना मी आपटून वाढायची.

नेलने पुन्हा विषय काढला नाही. शाळेत तिला रंगीत पेनं दिली आणि मेंढीचे कान काढायला लावले. पाठीमागच्या वर्गात सखोल गट कादंबरी वाचत होता. गार्नेटची मुलगी इमोजेन त्यात होती. तिने पुस्तकाची पंचवीस पानं वाचली आणि उरलेल्या सहाशे पंच्याहत्तर पानांत काय होतं ते नेलला बसमध्ये विचारलं. नेलने सांगितलं. मिसनी नेलला प्रश्न दिला, कोकराचा कान चिरताना तुला काय वाटतं? नेलने लिहिलं, कात्री धारदार आहे का ते बघते. मिसनी शेजारी लाल शाईत लिहिलं, अप्रतिम.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेने 'निवडीची दुपार' ठेवली. पालकांना बोलावणं, चहा, केक. मुलं आपापल्या पुस्तकांची टेबलं मांडणार. विल्फला मिसचं वेगळं पत्र आलं: येताना घरची काही अवजारं आणाल का, मुलांना खरी वस्तू हाताळायला मिळेल.

"तितंच सांगतो," विल्फ म्हणाला. "सगळ्यांसमोर. नावं सोमवारी जाणार म्हणती ना? मग अजून येळ हाय."

तो लिलावाचा कोट घालून आला. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. हातात कान चिरायची कात्री, रंगाचा डबा आणि आमच्या भिंतीवरचं ते खुणांचं पुस्तक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी हॉलच्या एका टोकाला चहाच्या पिंपाशी होते. नेल आपल्या टेबलामागे उभी होती. टेबलावर हिरवं कापड, कापडावर गवताची पेंढी. गवत मिसनी दुकानातून आणलं होतं. आमच्या अंगणात ते पायाखाली येतं.

मिसनी पुस्तक गवतावर ठेवलं, आमचं पान उघडलं आणि वर टेबलावरचा दिवा वळवला. लोक जमले. कुणी कात्री हातात घेऊन उघडझाप केली.

"मिस्टर रेल्फ, तुम्ही दोन शब्द बोलाल?"

विल्फने घसा साफ केला. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मिस, मला येवढंच सांगायचंय. ती चूक माझी हाय. पोरीनं मला बराबर सांगितलं होतं. मोठं पुस्तक पहिलं. मी मेंढ्यांच्या लिलावासारखं भरलं. आमच्यात हलकं जनावर आधी लिवत्यात आन् चांगलं शेवटी. म्हणून ते खाली गेलं. तिची काय चूक न्हाई. तिला तिकडच्या वर्गात बसवा."

मग लोक हसले. वाईट हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं. प्रेमाने हसले. सगळ्यात मोठ्याने हसला गार्नेट माउन्सी. तोही दर सप्टेंबरात तोच फॉर्म त्याच क्रमाने भरतो.

"किती सुंदर," मिस म्हणाल्या. त्यांनी हात छातीशी धरले होते. "हे ऐकलंत सगळ्यांनी? फॉर्म भरायचीसुद्धा एक संस्कृती असते. नेल, हे तुझ्या प्रकल्पात यायलाच हवं. वडिलांची मुलाखत घे. अगदी याच शब्दांत लिही."

"व्हय, पर वर्गाचं काय?" विल्फ म्हणाला.

"एक फोटो घेऊ या का? कात्री हातात धरा ना. अशी, जरा वर."

माझ्या भावाने कात्री वर धरली. मी त्याला छप्पन्न वर्षं ओळखते. त्याचे कान लाल झाले होते आणि तो फोटोसाठी हसत होता, कारण त्याला वाटलं, हसलो तर कदाचित पोरीचं काम होईल. नेल त्याच्याकडे बघत नव्हती. ती गवताकडे बघत होती.

आता मी जे इतका वेळ सांगितलं नाही ते सांगते.

तो फॉर्म मी वाचला होता. विल्फने शब्द बघ म्हटलं तेव्हा मी शब्द बघितले आणि ओळीही बघितल्या. एकवीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला, शाळा कागद वरून वाचते हे सांगावं लागत नाही. आणि तेवढ्यावर भागलं नाही. शुक्रवारी सकाळी ऑफिसात मिसेस टोल्सनने फॉर्म उघडला, चष्मा वर केला आणि विचारलं, "डोरीन, हे बराबर हाय न्हवं? मेंढ्यांचं पुस्तक आधी? नेल तर नुसती कादंबऱ्या वाचत असती." मी म्हणाले, "बराबर हाय."

तिला शहरातलं कॉलेज मिळालं की सोमवार ते शुक्रवार तिथेच राहावं लागणार. मग घरात मी आणि विल्फ. तो गुडघ्याबद्दल बोलणार, मी शाळेबद्दल, आणि साडेआठला दोघं आपापल्या खोलीत. मी एकसष्ट वर्षांची आहे. मला ती घरात हवी होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मिस ॲशकॉमची टिंगल करण्यात मी पहिली, आणि मिसनी जे केलं ते त्यांच्याआधी मी केलं होतं. पोरीच्या वतीने ठरवलं, आणि वर गाजरं वाढत राहिले.

मी पिंपाची तोटी बंद केली. एप्रनला हात पुसले आणि टेबलापाशी गेले. वाट मिळेना, तेव्हा इमोजेनच्या आईला कोपराने बाजूला केलं.

"मिस, चूक विल्फची नाही," मी म्हणाले. "फॉर्म देताना मिसेस टोल्सनने मला विचारलं होतं, क्रम बरोबर आहे का. मी हो म्हणाले. तो बरोबर नाही हे मला माहीत होतं."

मिसेस टोल्सन दाराशी पाहुण्यांच्या नावांचे बिल्ले गोळा करत होती. सगळे तिच्याकडे वळले.

"व्हय, विचारलं होतं," ती म्हणाली. "डोरीन बराबर हाय म्हणाली म्हणून मी तसंच नोंदवलं. मला तवाच शंका आली होती."

"पण डोरीन, का?" मिस म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांची मान सरळ होती.

मी त्यांना उत्तर दिलं नाही. ते त्यांचं नव्हतं.

गार्नेट पुढे आला. कोटाची बटणं लावली. नियम सापडला की त्याचा चेहरा उजळतो.

"म्हंजे ही ऑफिसच्या नोंदीतली चूक झाली," तो म्हणाला. "निवडीचा प्रश्नच न्हाई. नोंदीत चूक असंल तर दुरुस्ती करता येती, तसं कलम हाय. मिसेस टोल्सन, सोमवारी नाव जायच्या आत करून टाका."

"पण सखोल गटात चोवीसच जागा आहेत," मिस म्हणाल्या.

"खुर्ची आणा की एक."

एवढंच लागलं, एक खुर्ची. बापाने हॉलभर लोकांसमोर मान खाली घालून खरं सांगितलं तेव्हा ती मजेशीर गोष्ट झाली. स्वयंपाकघरातल्या बाईने खोटेपणा कबूल केला तेव्हा ते कलम झालं. मिसनी टेबलावरचा दिवा बंद केला. त्यांचं सगळ्यात सुंदर टेबल मोडत होतं आणि त्यांना ते खरोखर लागलं होतं. मला त्यांची दया आली असती, पण त्या जाता जाता विल्फला म्हणाल्या, पुस्तक आणि कात्री अजून आठवडाभर इथे राहू द्याल का, बाकीच्या मुलांसाठी.

"न्हाई," विल्फ म्हणाला. "कात्री लागती मला."

जीपमध्ये आम्ही तिघं पुढच्या सीटवर बसतो, नेल मध्ये. काचेवरची पुसणी एका बाजूला अडकत होती, विल्फ प्रत्येक वेळी काचेवर आतून मूठ मारायचा.

"दोन आठवडे," तो म्हणाला. रस्त्याकडेच बघत होता. "दोन आठवडे मला वाटत हुतं, मीच येडा हाय. लिवता वाचता न येनारा येडा. पोरीचं नुकसान केलं म्हणून मला झोप न्हाई. आन् तू रोज मला ताट वाढत हुतीस."

"व्हय," मी म्हणाले.

"आपटून वाढत हुतीस."

माझ्या आणि नेलच्या मांडीमध्ये ते खुणांचं पुस्तक दाबलं गेलं होतं.

"आत्या, का?" नेलने विचारलं.

"तू जाशील म्हणून."

ती म्हणाली, "मी शनिवार-रविवारी येनारच होते. कोकरं व्हायच्या वेळी आठवडाभर. बस कुठली ती बी बगून ठेवली होती. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. घरातल्या मुलीने बाहेरच्या माणसाला वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती. फाटकापाशी विल्फने जीप थांबवली, ती मला ओलांडून उतरली आणि फाटक उघडून धरलं.

आता ती सखोल गटात आहे. पुढच्या वर्षी परीक्षा, मग कॉलेज. मेंढवाड्यावर माझ्या शेजारी उभी राहते, हाक मारली की ओ देते, माझ्या हातचं जेवते. पण शाळेचा एकही कागद ती माझ्याजवळ देत नाही. सहलीची परवानगी, दातांच्या तपासणीची चिठ्ठी, काहीही. विल्फची सही स्वतः समोर बसून घेते, घडी घालून खिशात ठेवते आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीवरून पुढे ऑफिसापर्यंत चालत जाते. जाताना माझ्याकडे बघून मान हलवते. मी पण हलवते, आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला बटाटे वाढते.